एरंडेल ते वाहननगर : गोल फिरणाऱ्या इंजिनाची गोष्ट

रोटरी म्हटलं की आपल्याकडे आधी क्लब आठवतो. रक्तदान शिबिर, शाळेला दिलेले बाक आणि बाकाच्या पाठीवर देणगीदाराचं नाव. इंजिनांच्या दुनियेत मात्र या एका नावाची दोन घराणी आहेत. दोघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. एक जन्मलं फ्रान्समध्ये, दुसरं जर्मनीत. दोघांनाही एकेकाळी जगाने डोक्यावर घेतलं आणि मग तितक्याच झटपट खाली ठेवलं. आणि दोघांनाही पुढे आसरा मिळाला तो घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधणाऱ्या हौशी लोकांकडे.

मंडळी, मी ई.एम.ई.चा माणूस. सगळी नोकरी इंजिनं उघडण्यात आणि मिटण्यात गेली. त्यामुळे या लोकांबद्दल मला आदर वाटतो आणि धास्तीही. आम्ही वर्कशॉपमध्ये इंजिन बांधून देतो, गाडी ड्रायव्हर घेऊन जातो, आणि बंद पडलीच तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. मागून रिकव्हरी येते, तोवर चहा होतो. हे लोक जे इंजिन स्वतःच्या हाताने बांधतात त्याच्याच जोरावर स्वतः वर जातात. वर कडेला उभं राहायची सोय नाही.

पहिलं घराणं नोम इंजिनाचं. पॅरिसच्या सेग्वँ बंधूंनी १९०८ च्या सुमारास ते बाजारात आणलं. सात सिलिंडर, ५० अश्वशक्ती, वजन साधारण ७५ किलो. कल्पना ऐकली की आजही डोकं गरगरतं. आपल्या गाडीत सिलिंडर जागेवर असतात आणि क्रँकशाफ्ट फिरतो. यात क्रँकशाफ्ट विमानाच्या नाकाला घट्ट बसवलेला आणि अख्खं इंजिन, सगळे सिलिंडर पंख्यासकट, त्याच्याभोवती गरागरा फिरतं. म्हणून रोटरी. असं का केलं? तेव्हाची विमानं इतकी हळू उडत की उभ्या सिलिंडरना पुरेशी हवा लागत नसे. सिलिंडरच फिरले की ते आपली हवा आपण घेतात, पाण्याचा रेडिएटर लागत नाही, जड फ्लायव्हील लागत नाही, आणि वजन वाचतं. ऑगस्ट १९०९ मध्ये रीम्सच्या मेळाव्यात आंरी फार्मां याने याच इंजिनावर १८० किलोमीटर उडून लांब पल्ल्याचं बक्षीस मारलं, आणि पुढची आठ-नऊ वर्षं युरोपच्या आकाशात या घराण्याचं राज्य राहिलं.

यात एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण या इंजिनात क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जायचं. साधं खनिज तेल घातलं तर पेट्रोल त्याला धुऊन नेणार. पेट्रोलमध्ये सहजी न विरघळणारं तेल हवं होतं, ते निघालं एरंडेल. आजीच्या फडताळातलं, पोट साफ करायचं एरंडेल! भारत तेव्हाही एरंडीच्या बियांचा मोठा निर्यातदार होता. हे तेल इंजिनात फिरून परत येत नसे, जळलेलं-न जळलेलं सगळं बाहेर फेकलं जाई आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर, गॉगलवर, घशात जाई. परिणाम काय होत असे ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

या इंजिनाशी आपलं आणखी एक नातं आहे. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक, ऑक्सफर्डला शिकलेले, १९१७ साली रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी झाले आणि २८ स्क्वाड्रनमधून सॉपविथ कॅमल उडवू लागले. पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण त्यांनी मुद्दाम बनवून घेतलं होतं. कॅमलच्या नाकात हेच फिरतं इंजिन. आता एवढं वजन एका दिशेने भोवऱ्यासारखं फिरत असलं की विमान भोवऱ्यासारखंच वागतं. उजवीकडे वळताना नाक खाली झुकायचं, डावीकडे वळताना वर उठायचं, आणि उजवं वळण इतकं झटकन व्हायचं की शत्रू मागे असेल तर जीव वाचावा, आणि शिकाऊ पोरगा असेल तर जीव जावा. ट्रेनिंगमध्ये कॅमलने बरीच पोरं खाल्ली. मलिकांचं विमान ऑक्टोबर १९१७ मध्ये गोळ्यांनी चाळण झालं, पायात गोळ्या घुसल्या, तरी त्यांनी ते आपल्या बाजूला आणून टेकवलं. पुढे ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले.

युद्ध संपेपर्यंत हे घराणं थकलं. जास्त ताकद हवी म्हणून जोरात फिरवावं तर फिरणाऱ्या सिलिंडरना हवेचाच विरोध, आणि भोवऱ्याचा त्रास वाढणार. कारखान्यांनी ते सोडून दिलं. आज न्यूझीलंडमध्ये ब्लेनहाइम गावाजवळ ओमाका विमानतळावर एक वर्कशॉप १०० अश्वशक्तीचं नोम इंजिन नव्याने घडवतं, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या प्रतिकृती बांधणाऱ्यांसाठी. तेल अजून एरंडेलच.

दुसरं घराणं जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

फेलिक्स वांकेल हा १९०२ साली जन्मलेला जर्मन गृहस्थ. इंजिनियरची पदवी नाही, डोळे इतके अधू की आयुष्यभर गाडी चालवायचं लायसन्स नाही, आणि डोक्यात एकच खूळ : पिस्टनचं वर-खाली जाणं बंद करायचं. विचार करा, ६००० फेऱ्यांवर चालणाऱ्या साध्या इंजिनात प्रत्येक पिस्टन मिनिटाला १२००० वेळा थांबतो आणि उलट पळतो. वांकेलला ही उधळपट्टी सहन होत नव्हती. माणूस म्हणून तो काही पूजा करावी असा नव्हता. नाझी चळवळीत तो तरुणपणापासून होता, मध्येच भांडून बाहेर पडला, काही काळ एस.एस.मध्येही होता. युद्धात त्याने जर्मन विमान खात्यासाठी फिरत्या व्हॉल्व्हवर काम केलं. युद्धानंतर १९५१ मध्ये एन.एस.यू. या मोटारसायकल कंपनीशी करार झाला आणि १ फेब्रुवारी १९५७ ला नेकार्सुल्म इथं पहिलं वांकेल इंजिन चाललं.

त्या पहिल्या नमुन्यात आतला रोटर आणि बाहेरचं कवच दोन्ही फिरत. म्हणजे नकळत नोमचीच आठवण. प्लग बदलायचा तर अख्खं इंजिन खोलायला लागे. एन.एस.यू.च्या हान्स-डीटर पाश्के याने कवच जागेवर बसवलं आणि फक्त रोटर फिरता ठेवला. वांकेलला हे अजिबात आवडलं नाही, पण वर्कशॉपच्या माणसाला विचाराल तर पाश्केने इंजिन वाचवलं. ज्याला प्लग बदलता येत नाही ते इंजिन कितीही हुशार असो, युनिटच्या कामाचं नाही.

हे इंजिन डोळ्यांपुढे आणायचं तर दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग घ्या, कमरेत किंचितच दबलेली. ते कवच. आत समोशासारखा फुगीर बाजूंचा त्रिकोण, तो रोटर. रोटर फिरताना त्याची तिन्ही टोकं कायम कवचाच्या भिंतीला घासत जातात आणि तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात, लहान-मोठे होत राहतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल आत येतंय, दुसऱ्यात दाबलं जातंय आणि पेटतंय, तिसऱ्यातून धूर बाहेर जातोय, सगळं एकाच वेळी. व्हॉल्व्ह नाही, स्प्रिंग नाही, कॅमशाफ्ट नाही. रोटरची एक फेरी होते तेव्हा मधल्या शाफ्टच्या तीन होतात, म्हणजे ६००० फेऱ्यांवर रोटर प्रत्यक्षात २००० नेच फिरतो.

आणि सगळी मेख त्या तीन टोकांना. प्रत्येक टोकाला एक पट्टी बसवलेली असते, तिला एपेक्स सील म्हणतात. पुढे येणाऱ्या माझदाच्या इंजिनात ही पट्टी ८० मिलिमीटर लांब आणि २ किंवा ३ मिलिमीटर जाड. कुल्फीच्या काडीएवढी वस्तू. तिच्या एका बाजूला स्फोट, दुसऱ्या बाजूला ताजी हवा, खाली तिची स्प्रिंग, आणि ती मिनिटाला हजारो वेळा भिंतीवरून पळते. एन.एस.यू.ने १९६७ मध्ये आर-ओ ८० ही देखणी मोटार काढली, पुढच्या वर्षी तिला युरोपातली सर्वोत्तम मोटार म्हणून मान मिळाला, आणि पट्ट्या झिजू लागल्या. गॅरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवागनच्या पोटात गेली. असं सांगतात की रस्त्यात दोन आर-ओ ८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना बोटं दाखवत : माझं तिसरं इंजिन, तुझं कितवं?

ही पट्टी वठणीवर आणली जपान्यांनी. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे माझदा, कंपनीने १९६१ मध्ये परवाना घेतला. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनियरांचा विभाग उघडला. जपानमध्ये धन्यासाठी जीव देणाऱ्या ४७ सामुराईंची कथा घराघरात माहीत आहे, म्हणून यांनाही तेच नाव पडलं. कवचाच्या आतल्या भिंतीवर बारीक लाटांसारखे ओरखडे उठत, त्यांना हे लोक सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. पट्टी भिंतीवर सरकण्याऐवजी थरथरत होती. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेल्या पट्टीने काम झालं, आणि १९६७ च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीला आली. १९७३ च्या तेलटंचाईत जास्त पेट्रोल पिणारं हे इंजिन बहुतेकांनी सोडलं. माझदाने धरून ठेवलं. १९७८ ला आर-एक्स ७ आली, आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७ बी गाडीने ले मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

विमानात हे इंजिन पहिल्यांदा चढलं ते मात्र लष्करी कामासाठी. व्हिएतनाममध्ये जंगलावरून आवाज न करता टेहळणी करायची होती. अमेरिकेच्या कर्टिस-राइट कंपनीकडे वांकेलचा परवाना होता आणि लॉकहीडने ग्लायडरपासून क्यू-स्टार नावाचं प्रायोगिक विमान केलं होतं. त्यात हे इंजिन बसवलं, मोठा पंखा पट्ट्यांवरून हळू फिरवला. प्रयोग उत्तम झाला, पण प्रत्यक्ष युद्धात गेलेल्या विमानात जुनं पिस्टन इंजिनच बसवलं गेलं. फौजेत हे काही नवं नाही. ट्रायलला एक, इश्यूला दुसरं.

आता मुख्य मंडळींकडे येऊ. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी या माणसाने १९५३ मध्ये मिलवॉकीला हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना काढली, तळघरात. आज ऑशकॉशला तिचा दरवर्षी मेळावा भरतो, विमानांची पंढरीच म्हणा. तिथल्या कायद्याप्रमाणे विमानाचा निम्म्याहून जास्त भाग शिक्षणासाठी वा हौसेखातर स्वतः बांधला असेल तर त्याला प्रायोगिक म्हणून उडायची परवानगी मिळते, आणि त्यात इंजिन कोणतं घालायचं ते बांधणारा ठरवतो. १९७० च्या दशकात बर्ट रुटान यांनी फोम आणि काचेच्या कापडाची विमानं काढली, व्हेरीईझी आणि मग १९७९ ला लाँग-ईझी, आणि नकाशे विकत घेऊन लोक घरी बांधू लागले. विमानाचं अंग स्वस्त झालं, पण इंजिन तेच राहिलं. लायकमिंगचं नवं १६० अश्वशक्तीचं इंजिन घ्यायचं तर कित्येकदा बाकी सगळ्या सामानाइतकी किंमत. आणि ती रचना मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या विचारांची.

मग नजर गेली मोटारींच्या भंगारखान्याकडे. माझदाचं १३ बी : दोन रोटर, १३०८ घनसेंटिमीटर. हलणारे मुख्य भाग मोजून तीन, दोन रोटर आणि एक शाफ्ट. जपानमध्ये जुन्या गाड्यांची तपासणी इतकी कडक आणि महाग की चांगली इंजिनं लवकर निघतात आणि जहाजाने अमेरिकेला जातात. काहीशे डॉलरमध्ये उघडून बघायला इंजिन मिळे.

आपला पाच पुडी जेवणाचा डबा आठवा. १३ बी तसंच रचलेलं असतं : लोखंडी ताट, ॲल्युमिनियमची शेंग, लोखंडी ताट, पुन्हा शेंग, पुन्हा ताट. आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी सगळं आवळलेलं. बोल्ट काढले की डबा सुटतो. मग तपासणी. शेंगेच्या आत क्रोमचा मुलामा असतो, तो प्लगजवळ आणि कडांना उखडलाय का ते बोटाच्या नखाने बघायचं. ताटांवर पायरी पडलीय का ते मोजायचं. रोटरच्या खाचा फीलर गेजने तपासायच्या. मग टोकाच्या पट्ट्या, कोपऱ्याच्या टिकल्या, बाजूच्या वाकड्या पट्ट्या आणि त्या सगळ्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा, एकेक खाचेत बसवायच्या. उलटं करताना त्या पडू नयेत म्हणून बांधणारे व्हॅसलीन लावतात! ते पहिल्या तापण्यातच जळून जातं. पाण्याच्या वाटांभोवतीच्या रबरी रिंगा नीट बसल्या नाहीत तर सगळं परत खोला. सवयीच्या माणसाला हे एका दिवसाचं काम आहे, आणि साध्या पिस्टन इंजिनापेक्षा सोपं आहे. माझ्यासारख्याला मोह पडावा असं.

इथपर्यंत सगळे खूश असतात. खरी कामं पुढे.

पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ गेली की ताकद नुसती गोंगाटात जाते, म्हणून पंखा साधारण २७०० च्या पुढे फिरवायचा नाही. रोटरी इंजिन ताकद देतं ६००० ला. मध्ये गिअर हवा. बांधणाऱ्यांनी अमेरिकी गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर काढून २.१७ ला १ किंवा २.८५ ला १ असे गिअर बनवले. पण इंजिनाचे ठोके आणि जड पंखा यांच्या मध्ये गिअर आला की कुठल्यातरी फेऱ्यांवर तो खडखडू लागतो, आणि तिथं थांबलं तर दात मोडतात. मध्ये रबराचे किंवा स्प्रिंगचे गादे घालायचे आणि त्या फेऱ्यांवरून पटकन पुढे जायचं.

मग उष्णता. रोटर आतून तेलाने थंड होतो, त्यामुळे एकूण उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा तेलाला न्यावा लागतो. पाण्याचा रेडिएटर मोठा लावला आणि तेलाचा लहान ठेवला की चढावर तेल उकळायला लागतं. कुणीतरी मोटारीच्या एसीतले इव्हॅपोरेटर उचलून रेडिएटर म्हणून लावले. ते जाड आणि आखूड असतात, विमानाच्या नाकात मावतात. चालले. मग धूर. व्हॉल्व्ह नसल्यामुळे दार एकदम उघडतं आणि पेटता वायू धाडकन बाहेर येतो, तापमान ९०० अंशांच्या वर. साध्या पत्र्याचा सायलेन्सर काही तासांत फाटतो, आणि फाटलेला तुकडा सुटला तर मागे पंखा असलेल्या विमानात सरळ पंख्यात. मग पट्ट्यांचं तेल. मोटारीत त्यासाठी वेगळा पंप असतो. विमानवाले बरेचदा तो काढून पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचं तेल मिसळतात, लिटरला साधारण ८ मिलिलिटर. लूनावर पेट्रोल भरताना आपण टोपणाने मोजायचो तसंच.

आणि वीज. लायकमिंगला मॅग्नेटो असतो, तो इंजिन फिरतंय तोवर स्वतःची ठिणगी स्वतः पाडतो, बॅटरी मेली तरी. मोटारीचं इंजिन कॉम्प्युटरवर चालतं. वीज गेली की पेट्रोल बंद, ठिणगी बंद, सगळं बंद. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन पंप, दोन कॉम्प्युटर, आणि त्यांच्यात बदल करायचा खटका हाताजवळ. हे सगळं लावून झालं की तराजूवर ठेवा. रेडिएटर, पाणी, नळ्या, गिअर, दुसरी बॅटरी धरून वजन लायकमिंगच्या आसपासच येतं. हलकं इंजिन म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला हा आकडा पचायला वेळ लागतो.

मग कोण कशाने पडतं? मला यातच जास्त रस आहे. १३ बीच्या काळजाने, म्हणजे रोटर आणि शाफ्टने, दगा देण्याचे प्रसंग कमीच. पिस्टन इंजिन पाण्याविना तापलं तर धरतं, आणि थांबतं. रोटरी तापलं तर रबरी रिंगा वितळतात, पाणी आत गळतं, ताकद उतरते, पण ते बरेचदा घरघरत का होईना फिरत राहतं. त्याच भरवशावर लोक ते विमानात घालतात. खाली आणतं ते दुसरंच काही : पेट्रोलच्या नळीत शिरलेली हवा, सुटलेला क्लॅम्प, फाटलेला होज, सैल झालेली पिन, चुकीच्या जागी बसवलेला फिल्टर. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास केला, २०११ च्या २२४ अपघातांचा. सर्वात वर दोन कारणं : इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा जाणं. आणि मोठा वाटा विमानाच्या सुरुवातीच्या उड्डाणांतला. म्हणूनच तिथला नियम आहे की इंजिन आणि पंखा प्रमाणित असेल तर पहिले २५ तास, आणि मोटारीचं वगैरे असेल तर ४० तास ठरावीक भागात उडायचं, प्रवासी न घेता. चाळीस तास माणूस आणि त्याचे क्लॅम्प.

फौजेतल्या ड्रायव्हरला हे कळेल. रोज सकाळी फर्स्ट परेडला आपण काय बघतो? पाणी, तेल, पट्टा, बॅटरी, टायर, कुठे गळतंय का. कोणी इंजिनाचा हेड खोलून बघत नाही. लडाखच्या कॉन्व्हॉयमध्ये माझ्यासमोर जेवढ्या गाड्या ऑफ रोड झाल्या त्यातल्या बहुतेक पाच-दहा रुपयांच्या वस्तूने झाल्या. एकदा एका घाटात डिझेलच्या नळीचं वॉशर गेलं म्हणून अख्खी तुकडी दोन तास बर्फात उभी होती. ट्रकचं इंजिन टाकटूक. एका नाईकाने चॉकलेटच्या डब्याचा पत्रा कापून वॉशर केलं, आणि गाड्या हलल्या. घाटात ते जमतं.

आपल्याकडे घरी विमान बांधायची परंपरा बारीकच. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत, २०१६ ला ते प्रदर्शनात आलं आणि २०१७ ला त्याची नोंदणी झाली. कागदांसाठी त्यांनी घातलेली वर्षं हा वेगळ्या लेखाचा विषय. पण अमेरिकेतल्या गॅरेजची एक वाट खरोखर बंगळूरला आली. तिथल्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने, एन.ए.एल.ने, कंपोझिट शिकायचं म्हणून रुटानच्या लाँग-ईझीच्या नकाशांवरून एक लहान विमान बांधलं, ते १९८७ ला उडालं. मोठ्या सरकारी प्रयोगशाळेने घरी बांधायच्या विमानावर हात बसवावा, हे मला फार आवडलं. पुढे त्या अनुभवातून हंसा हे शिकाऊ विमान आलं.

आणि याच एन.ए.एल.कडे पुढे वांकेल आलं. फौजेसाठी निशांत हे विनावैमानिक टेहळणी विमान तयार होत होतं. ३८० किलोच्या आसपास वजन, चाकं नाहीत. ट्रकवरच्या लाँचरवरून त्याला फेकायचं, साडेचार तास उडवायचं, आणि पॅराशूटने हवेच्या पिशव्यांवर उतरवायचं. तो लाँचर पुण्यात दिघीच्या आर अँड डी.ई. इंजिनियर्सने केला. इंजिन मात्र विलायती, एआर-८०१, ते वांकेलच. ब्रिटिश मोटारसायकलींमध्ये जे रोटरी आलं होतं त्याच्याच वंशातलं. या कामाला रोटरी का, हे सांगायला नको : कॅमेऱ्याला थरथर चालत नाही, आणि आकाराच्या मानाने ताकद जास्त.

ते विलायती इंजिन बदलायचं काम तिघांनी वाटून घेतलं. काळीज एन.ए.एल.ने केलं : ॲल्युमिनियमचं ओतीव काम, आणि शेंगेच्या आतल्या भिंतीवर निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा. हा मुलामा मूळ जर्मनीत १९६७ च्या सुमारास याच कामासाठी, रोटरीची पट्टी ॲल्युमिनियमवर घासावी म्हणून, निघाला होता. ठिणगी, पेट्रोल आणि बाकीची जोडणी केली नगरच्या व्ही.आर.डी.ई.ने. आणि विमानात बसवून उडवायचं काम बंगळूरच्या ए.डी.ई.चं. ५५ अश्वशक्ती, वजन साधारण ३० किलो. नोमला ५० अश्वशक्तीसाठी ७५ किलो लागत होते, शंभर वर्षांत एवढा फरक.

मी नगरला होतो तेव्हा एका प्रदर्शनात असलं कापून दाखवलेलं इंजिन टेबलावर ठेवलेलं बघितलं होतं. शेजारी रणगाड्याचं इंजिन, त्याच्याभोवती ही गर्दी. आणि हे लहानसं, प्रेशर कुकरपेक्षा थोडं मोठं, कुणी बघेना. एका शाळकरी पोराने विचारलं, यात पिस्टन कुठंय? सांगणारा तरुण शास्त्रज्ञ एवढा खूश झाला की त्याने पोराला हाताने शाफ्ट फिरवू दिला. नगर म्हटलं की लोकांना रणगाडे आठवतात, रणगाड्यांचं संग्रहालय, आर्मर्ड कोअर, मेकनाइज्ड इन्फंट्री. दौंड रस्त्याला नाही तर औरंगाबाद रस्त्याला कुठेही थांबून विचारा, वाहननगर म्हणजे गाड्यांच्या चाचण्या एवढंच उत्तर मिळेल. तिथल्या माणसांनी विमानाच्या इंजिनाच्या नळ्या आणि तारा बसवल्या, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगतोय.

२९ मार्च २००९ ला, रविवारी सकाळी, कर्नाटकात कोलारजवळ निशांत स्वदेशी वांकेलवर पहिल्यांदा उडालं. अर्ध्या तासाहून अधिक वर राहिलं आणि कोरड्या तळ्यात ठरल्या जागी उतरलं. उपनगरी रेल्वेच्या एका फेरीएवढा वेळ, पण ज्यांनी चाचणीच्या बाकावर रात्री काढल्या त्यांना विचारा.

निशांतची पुढची कहाणी आनंदाची नाही. फौजेला चार मिळाली. चारही एकेक करून पडली, शेवटचं २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये जैसलमेर भागात, आणि फौजेने पुढची घेतली नाहीत. चाकांवर धावून उडणारं पंछी हे त्याचं भावंड २०१४ च्या डिसेंबरमध्ये उडालं होतं. पॅराशूटने उतरणाऱ्या यंत्राची प्रत्येक उतरणी म्हणजे एक लहानसा अपघातच असतो, हे कोणत्याही रिकव्हरी क्रूला पटेल; जमिनीवर आपटल्यावर कुठली नळी कुठे निखळली हे परत उडण्याआधी शोधायला वेळ आणि सवयीचे हात दोन्ही लागतात.

माझदाने रोटरीची शेवटची मोटार, आर-एक्स ८, २०१२ ला बंद केली. गॅरेजवाल्यांनी जुनी इंजिनं जपून ठेवली, सुटे भाग मिळत राहिले. मग २०२३ मध्ये माझदाने एम-एक्स ३० नावाच्या विजेच्या गाडीत बॅटरी भरण्यासाठी एक रोटरचं, ८३० घनसेंटिमीटरचं नवं इंजिन आणलं. ज्या लोखंडी ताटांच्या वजनावर विमानवाले वर्षानुवर्षं कुरकुरत आले, ती यात ॲल्युमिनियमची आहेत, त्यानेच पंधरा किलो वाचले. आणि टोकाची पट्टी, जी १९८६ च्या सुमारास ३ वरून २ मिलिमीटर केली होती, ती आता अडीच आहे.